पातळ फिल्मचं क्युरी तापमान घसरलं, तर ते जाडीमुळेच का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. नागपुरातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सब्सट्रेटवर (खालच्या आधार-स्फटिकावर) लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटच्या (आपण एलएसएमओ म्हणू) पाच फिल्म पल्स्ड लेझरने वाढवल्या. थंड करत रोध मोजला. रोधाचं शिखर ४० नॅनोमीटरच्या फिल्मला ३४५ केल्विनवर आलं, १२ च्या फिल्मला ३२० वर, ६ च्या २७० वर आणि ४ च्या २१५ वर. २ नॅनोमीटरच्या फिल्मला शिखरच नाही, ती शेवटपर्यंत इन्सुलेटर. शिखराचं तापमान हेच क्युरी तापमान (ज्याच्या वर पदार्थ चुंबक राहत नाही ते) धरून त्यांनी फायनाइट-साइज स्केलिंगचं, म्हणजे जाडी घटल्यावर क्युरी तापमान कसं उतरतं ते सांगणारं, सूत्र बसवलं. घातांक ०.८ आला, पुस्तकात १.४ आहे. त्यांचे प्रश्न तीन. जाडीमुळे क्युरी तापमान घसरतं असं लिहू का? ०.८ म्हणजे काही नवीन सापडलं का? आणि २ नॅनोमीटरची फिल्म बिघडली म्हणून टाकून देऊ का?

मी पंधरा-सोळा वर्षं अशाच फिल्म वाढवतोय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं देण्याचा मोह मलाही होतो. फिल्म पातळ केली की क्युरी तापमान उतरतं, यात वाद नाही. पण तुम्ही जाडी बदलली तेव्हा जाडीबरोबर आणखीही काही गोष्टी बदलल्या, आणि तुमचा आलेख त्या सगळ्यांचा हिशेब एकट्या जाडीच्या नावावर टाकतो. तुमचा खरा प्रश्न आहे तो हा.

निव्वळ जाडीचा वाटा किती, हे आधी कागदावर काढू. त्याला मशीन लागत नाही. एलएसएमओच्या एका युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान घराची) उंची सुमारे ०.३९ नॅनोमीटर, म्हणजे ४ नॅनोमीटरमध्ये दहा थर. मँगनीजच्या प्रत्येक अणूला सहा शेजारी: चार आपल्याच थरात, एक वर, एक खाली. पंगतीत शेवटच्या पाटावर बसलेल्याला एका बाजूने शेजारी नसतो, तसं वरच्या आणि खालच्या थरातल्या अणूंचं होतं. त्यांना पाचच शेजारी. शेजारी कमी म्हणजे चुंबकीय क्षण (प्रत्येक अणूचं इवलंसं चुंबकत्व) एका दिशेत धरून ठेवणारा आधार कमी, म्हणून क्युरी तापमान कमी.

किती कमी? मीन-फील्डचं (प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचा सरासरी प्रभाव धरणारं) साधं गणित आहे. १८० अंशांना ‘थरांची संख्या अधिक एक’ने भागा, त्या कोनाचा कोसाइन घ्या, दुप्पट करा, त्यात चार मिळवा आणि सहाने भागा. दहा थरांना उत्तर येतं ०.९८६. पाच थरांना ०.९५५, तीन थरांना ०.९०. म्हणजे दहा थरांच्या फिल्मचं क्युरी तापमान शेजारी गेल्यामुळे सव्वा-दीड टक्क्याने उतरायला हवं, पाचेक केल्विनने. तुमचं उतरलंय सव्वाशेच्या वर. मीन-फील्ड हा प्रकार फ्लक्चुएशन (क्षणांची उष्णतेमुळे होणारी चुळबुळ) विचारात घेत नाही, म्हणून तो घट कमी दाखवतो हे मान्य. फ्लक्चुएशन धरली तर पाचाचे कितीतरी जास्त होतील. तरी २१५ केल्विनपर्यंतची अख्खी घसरण त्या दोन उघड्या थरांच्या माथी मारायला माझं मन धजत नाही.

आता घातांक. सूत्रामागची कल्पना सुंदर आहे. क्युरी तापमानाच्या जवळ आलं की चुंबकीय क्षणांच्या एकमेकांशी असलेल्या संगतीची लांबी वाढत जाते. ती फिल्मच्या जाडीएवढी झाली की फिल्मला पहिल्यांदा ‘कळतं’ की आपण पातळ आहोत, आणि तिथून पुढे ती द्विमितीय वागायला लागते. त्यातून येतं की क्युरी तापमानातली सापेक्ष घट जाडीच्या उलट घातात बदलते, आणि तो घातांक म्हणजे संगतीच्या लांबीच्या घातांकाचा व्यस्त. त्रिमितीय हायझेनबर्ग प्रारूपात (क्षण कुठल्याही दिशेला वळू शकतो) तो १.४ च्या आसपास, आयझिंग प्रारूपात (क्षण फक्त वर किंवा खाली) १.६ च्या.

तुमचे आकडे घेऊन मी बसलो. जाड पदार्थाचं क्युरी तापमान तुम्ही ३६९ केल्विन घेतलंय, मोठ्या स्फटिकाचं. तेच घेतलं की मलाही ०.८ येतो. आता ३६९ च्या जागी ३५० घाला, बाकी काही बदलू नका. ४० आणि ४ नॅनोमीटरच्या टोकांमधला घातांक येतो १.४३! मधले बिंदूही त्याच रेषेच्या आसपास बसतात. पुस्तकातला आकडा हाती आला, परीक्षक खूश. मग फिल्मच्या तळाशी १.२ नॅनोमीटरचा मृत (चुंबकत्व नसलेला) थर आहे असं समजा आणि तेवढी जाडी वजा करा: १.४३ चा १.२५ झाला. पाच बिंदूंपैकी चारच वापरात, आणि दोन आकडे मनाने निवडायचे. अशा वेळी घातांक निसर्ग ठरवत नाही, आपण ठरवतो.

३५० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, हेही सांगतो. एलएसएमओचा लॅटिस (स्फटिकातल्या घराची लांबी) साधारण ३.८८ अँगस्ट्रॉम, स्ट्रॉन्शियम टायटनेटचा ३.९०५. फिल्म ०.६-०.७ टक्के ताणली जाते, आणि या जोडीत ती ४० नॅनोमीटरलाही ताणलेलीच राहते. म्हणजे तुमच्या मालिकेचा ‘अनंत जाडी’चा संदर्भ मोकळा स्फटिक नाही, ताणलेला स्फटिक आहे, आणि त्याचं क्युरी तापमान ३६९ पेक्षा कमी असणं साहजिक आहे. ते नेमकं ३५० आहे का? ते तुमच्या फिल्मवर अवलंबून आहे. शंभर नॅनोमीटरच्या आसपास आणखी एक फिल्म वाढवून, ती अजून ताणलेली आहे ना हे एक्स-रेने पाहून मोजा. तो आकडा फिटमध्ये मोकळा सोडू नका, मोजून आणा.

आणखी एक गंमत. ३५० घेऊन बसवलेलं सूत्र पुढे ताणलं तर ते म्हणतं की साधारण २ नॅनोमीटरला क्युरी तापमान शून्य. तुम्ही म्हणाल, बघा, जुळलं, २ ची फिल्म मेलीच होती! इथेच थांबा. हे सूत्र छोट्या घटीसाठी आहे, पाच-दहा टक्क्यांच्या. चाळीस टक्के घट झालेल्या फिल्मवर ते लावणं म्हणजे गल्लीच्या नकाशावर मुंबई शोधणं. शिवाय तुमची २ ची फिल्म इन्सुलेटर झाली आहे. तिचं चुंबकत्व गेलं की नाही ते अजून कोणी पाहिलेलंच नाही.

यावरून पुढचा मुद्दा, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठा. रोधाचं शिखर म्हणजे क्युरी तापमान नव्हे. जाड, चांगल्या एलएसएमओमध्ये दोन्ही जवळजवळ एकत्र येतात, कारण तिथे इलेक्ट्रॉनची उडी आणि फेरोमॅग्नेटिक क्रम ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत: शेजारच्या मँगनीजचे क्षण समांतर असले की इलेक्ट्रॉन सहज उडी मारतो, आणि त्या उडीमुळेच क्षण समांतर राहतात. फिल्म पातळ झाली की ही जोडी फुटते. पृष्ठभागाचं विखुरणं आणि अव्यवस्था यांमुळे इलेक्ट्रॉन जागीच अडकतात, तर चुंबकीय क्रम अजून शाबूत असू शकतो.

त्यात भर म्हणजे मँगनाइटमध्ये धातू आणि इन्सुलेटर असे दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी नांदतात. मँगनीज म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर मनसर आणि कांद्रीच्या खाणी येतात, म्हणून इकडचंच उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यातल्या बेलडोंगरीचा व्रेडेनबर्गाइट नावाचा काळा दगड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी नोंदवला. तो चांगलाच चुंबकीय आहे, पण आतून तो एक खनिज नाही. जेकबसाइट आणि हॉसमनाइट या दोन ऑक्साइडांच्या पातळ पट्ट्या एकमेकींत घुसलेल्या आहेत, आणि आपल्या खोलीच्या तापमानाला त्यातला जेकबसाइटच काय तो चुंबक. हॉसमनाइट ४२ केल्विनच्या आसपास थंड केल्याशिवाय त्या पंगतीत बसत नाही. दगड हातात घेऊन तुम्ही एकच चुंबकत्व मोजता, आत कारभार दोघांचा.

तुमच्या फिल्मचंही तसंच. प्रवाह वाहायला धातूच्या तुकड्यांची सलग वाट लागते. साध्या घनाकार जाळीत जागांच्या ३१ टक्के भरल्या की अशी वाट तयार होते, कारण अडथळा आला तर वरून-खालून जाता येतं. सपाट चौरस जाळीत ५९ टक्के लागतात. म्हणजे धातूचं प्रमाण तेच, चुंबकत्व तेच, पण फिल्म पातळ होऊन द्विमितीय झाल्यामुळे वाट तुटली आणि रोधाचं शिखर खाली सरकलं असं होऊ शकतं. तुमच्या आलेखावर ते ‘क्युरी तापमान घसरलं’ म्हणून उमटेल.

आतापर्यंतचं एका दमात: शेजारी कमी झाल्याचा परिणाम खरा आहे पण तुमच्या घसरणीपेक्षा बराच लहान आहे, घातांक संदर्भाच्या आकड्यावर नाचतोय, आणि तुम्ही मोजलेली राशी बहुधा क्युरी तापमान नाहीच. मग उरलेली घसरण कुठून आली?

माझा पहिला संशय फिल्ममध्ये कमी पडलेल्या ऑक्सिजनवर. इथे माझीच फजिती सांगतो. एका मे महिन्यात मी अशीच मालिका करत होतो. दुपारी फिल्म ऑक्सिजनमध्ये थंड होत असताना वीज गेली, गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप मिटला आणि त्या फिल्म कमी दाबातच थंड झाल्या. योगायोगाने त्या दिवशीच्या दोन्ही फिल्म पातळ होत्या. मी वहीत नोंद केली आणि विसरलो. महिन्याभराने आलेख काढला तर काय सुरेख वक्र! पातळ फिल्म झपकन खाली. गटाच्या बैठकीत मी तो वक्र दाखवून द्विमितीय चुंबकत्वावर पाऊण तास बोललो. मागच्या बाकावरच्या मुलीने शांतपणे विचारलं, “सर, या दोन एकाच तारखेच्या काहून आहेत?” वही उघडली. त्या दोन फिल्म पुन्हा ऑक्सिजनमध्ये तापवल्या तेव्हा घसरणीचा मोठा भाग भरून आला. तेव्हापासून मी मालिका जाडीच्या क्रमाने कधीच वाढवत नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवतो, आणि एक जाडी मुद्दाम दोनदा, वेगवेगळ्या आठवड्यांत करतो. लेझरची ऊर्जा, टार्गेटचा (लेझर जिच्यावर मारतो त्या वडीचा) पृष्ठभाग, खिडकीवर जमलेली राख, सगळं हळूहळू सरकत असतं. जाडीही त्याच दिशेने सरकत असेल तर दोघांना वेगळं करणार कसं?

दुसरा संशय दोन्ही पृष्ठभागांवर. लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम-ऑक्साइडच्या थरावर सरासरी ०.७ धन भार, मँगनीज-ऑक्साइडच्या थरावर ०.७ ऋण, स्ट्रॉन्शियम टायटनेटचे थर मात्र भारहीन. ही सांध्यातली विसंगती मिटवण्यासाठी भार सरकतो, आयन इकडचे तिकडे होतात, आणि तळच्या काही थरांत मँगनीजचं मिश्रण तुम्ही टार्गेटमध्ये ठेवलं त्यापेक्षा वेगळं होतं. वर हवा लागली की पृष्ठभागावर मँगनीज दोन धन भाराचा होऊ शकतो. पृष्ठभागालगतच्या थरांत इलेक्ट्रॉन उभ्या ऑर्बिटलमध्ये (थराला काटकोनात असलेल्या जागेत) बसणं पसंत करतात आणि थरातला फेरोमॅग्नेटिक दुवा ढिला पडतो. यालाच सगळे ‘मृत थर’ म्हणून मोकळे होतात, जणू तो मुळापासूनच मेलेला होता. तो किती जाड हे प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळं निघतं, तीन युनिट सेलपासून आठ-दहापर्यंत. पदार्थाचा गुणधर्म असता तर आकडा एकच आला असता. तो आपल्या हाताचा गुणधर्म आहे.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? सगळ्यात आधी रोध बाजूला ठेवून चारही फिल्मचं चुंबकत्व मोजलं असतं, १०० ऑर्स्टेडच्या आसपासच्या क्षीण क्षेत्रात थंड करत. १ टेस्लामध्ये मोजू नका. मोठ्या क्षेत्रात अवस्थांतर पसरट होतं आणि कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही. शिवाय हिशेब बघा: ५ बाय ५ मिलिमीटरच्या ४ नॅनोमीटर फिल्मचा पूर्ण चुंबकीय क्षण ०.००००६ इएमयूच्या (चुंबकीय क्षणाचं एकक) आसपास, आणि तिच्याखालच्या अर्ध्या मिलिमीटर सब्सट्रेटचा डायमॅग्नेटिक संकेत १ टेस्लाला त्याच मापाचा, उलट चिन्हाचा. पोराच्या वजनासाठी आईला पोरासकट काट्यावर चढवण्यातला प्रकार. कोरा सब्सट्रेट वेगळा मोजून ठेवा, त्याच बॅचचा.

काही खुणा पाठच करून ठेवा. १०५ केल्विनला वक्र वाकडा झाला तर ते सब्सट्रेटचं स्वतःचं स्फटिकी अवस्थांतर आहे, तुमचा शोध नाही. ५० केल्विनच्या आसपास टेकाड दिसलं तर कक्षात हवा शिरून ऑक्सिजन गोठलाय. आणि चिमटा प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा वापरा. स्टीलच्या चिमट्याने कडेला धरलेल्या फिल्मवर खोलीच्या तापमानाला ‘फेरोमॅग्नेटिझम’ सापडलेले मला भेटलेत, त्यात मीही एक.

मग दोषी शोधायचा. ४ नॅनोमीटरची एक फिल्म ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवा. तापमान वर गेलं तर ऑक्सिजन दोषी. तसलीच दुसरी फिल्म वाढवून हवा लागण्याआधी, त्याच व्हॅक्यूममध्ये, तिच्यावर स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या चार-पाच थरांची टोपी चढवा. फरक पडला तर वरचा पृष्ठभाग दोषी. तिसरी एलसॅट नावाच्या दुसऱ्या सब्सट्रेटवर वाढवा, त्याचा लॅटिस ३.८७ असल्यामुळे ताण जवळपास नाहीच. तरी तेवढीच घसरण दिसली तर ताण निर्दोष. एक रस्ता अजून आहे, जरा खटपटीचा. फिल्मखाली आधी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा पाण्यात विरघळणारा थर घालायचा आणि नंतर पाण्यात सोडून फिल्म मोकळी करायची. २०१६ पासून ही पद्धत चांगली रुळली आहे, आणि सब्सट्रेटचा ताण काढून निव्वळ जाडी पाहायला याहून सरळ उपाय मला माहीत नाही. पण ४ नॅनोमीटरची मोकळी फिल्म म्हणजे दुधावरची साय, उचलताना फाटतेच. पहिल्या वर्षी नादी लागू नका.

नागपुरात बसून हे सगळं होणार नाही, ठाऊक आहे. क्षीण संकेतांच्या मोजमापासाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राकडे अर्ज करता येतो, इंदुरातच इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या (प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्राच्या) किरणांनी ऑर्बिटलचा प्रश्नही तपासता येईल. थरागणिक चुंबकत्व हवं असेल तर मुंबईत ध्रुव अणुभट्टीवर ध्रुवित न्यूट्रॉनांची सोय आहे. फिल्मचा मृत थर वर आहे की खाली, हे ते न्यूट्रॉन थेट सांगतात. फिटने वजा केलेल्या १.२ नॅनोमीटरपेक्षा ते मोजमाप कितीतरी मोलाचं.

तुमचा सहकारी मॅग्नेटाइटवर (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर) तोच घातांक बसवतोय म्हणालात. त्याला थांबवा. मॅग्नेटाइटचं १२० केल्विनच्या आसपासचं व्हर्वे अवस्थांतर पहिल्या श्रेणीचं, म्हणजे एकदम होणारं आहे, रोध तिथे उडी मारतो, शंभरपटीच्या आसपास. संगतीची लांबी हळूहळू वाढत जाण्याचा मामलाच तिथे नाही, म्हणून त्या घातांकालाही अर्थ नाही. पातळ मॅग्नेटाइटमध्ये ते अवस्थांतर पसरतं, खाली सरकतं आणि शेवटी नाहीसं होतं. पण लोहाच्या जागांपैकी टक्काभर रिकाम्या राहिल्या तरी जाड स्फटिकातही ते नाहीसं होतं. शिवाय मॅग्नेशियम ऑक्साइडवर वाढवलेल्या फिल्ममध्ये वेगवेगळ्या बेटांवरून वाढत आलेले भाग एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांच्या सांध्यांची जाळी पडते, आणि फिल्म जितकी पातळ तितकी ती जाळी दाट. म्हणजे तिथेही तोच पेच.

‘नवीन भौतिकी’चं म्हणाल तर द्विमितीय चुंबकत्वात गूढ पुष्कळ आहे. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की सर्व दिशा सारख्या असलेल्या द्विमितीय चुंबकात शून्याच्या वर कुठल्याच तापमानाला दीर्घ पल्ल्याचा क्रम टिकत नाही. टिकतो तो दिशांमधल्या फरकामुळे, ॲनायसोट्रॉपीमुळे. एलएसएमओमध्ये ती अगदी कमी. स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये ती जबर आहे, आणि त्याचं फेरोमॅग्नेटिझम तीन-चार युनिट सेलपर्यंत तग धरतं. यात ॲनायसोट्रॉपीचा वाटा किती आणि स्वच्छ सांध्याचा किती, यावर मी पैज लावणार नाही.

राहिली तुमची २ नॅनोमीटरची फिल्म. फेकू नका. रोधाचं शिखर नाही म्हणून तुम्ही तिला यादीतून काढलंत, पण माझ्या मते पाचांत तीच जास्त बोलेल. कोऱ्या सब्सट्रेटबरोबर ती स्क्विडमध्ये (अतिक्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात) ठेवा, क्षीण क्षेत्रात, खोलीच्या तापमानापासून खाली. इन्सुलेटर असूनही चुंबकत्व दिसलं तर शिखर आणि क्युरी तापमान वेगळे झाल्याचा पुरावा तुमच्या स्वतःच्या मालिकेतच मिळेल, आणि बाकीच्या चार फिल्मचे आकडे पुन्हा लिहावे लागतील. १२ च्या फिल्मचं ३२० केल्विन म्हणजे ४७ अंश सेल्सिअस, आपल्या मे महिन्यातल्या दुपारचा पारा. त्या तापमानाला ती खरंच चुंबकत्व सोडते का, हे मला स्वतःलाही बघायला आवडेल. आकडे आले की इथेच टाका, कच्चे असले तरी चालतील.